वेशीबाहेरचा धूर

जालन्याहून शहागडच्या शाळेत जाताना माझ्या गाडीत आम्ही चार शिक्षक असायचो. शनिवारी त्यात एका पेटीची भर पडायची. पेटी भूगोलाच्या सरांची. जालन्यातच, मस्तगडला त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी सर उभे असायचे. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची पँट, भरगच्च मिशा, आणि छातीशी धरलेली ती लहानशी सागवानी पेटी. गाडी थांबली की आधी पेटी आत यायची, मग सर. डिकीत ठेवू द्यायचे नाहीत.

"डिकी लई तापती मॅडम. आत गुदमरायला होतं."

कुणाला गुदमरायला होतं, हे आम्ही विचारत नव्हतो. पेटी दोन्ही पायांच्या मधे ठेवून सर बसायचे आणि एसीची झडप हळूच तिच्याकडं वळवायचे. मग आमचे पी.टी.चे सर तापायचे.

"अवो सर, हितं माणूस घामानं भिजून राह्यला अन् तुमी पेटीला वारा घालून राह्यले!"

"तुमाला घाम तरी येतो," सर शांतपणे म्हणायचे. "तिला तेबी येत न्हाई. सुकून जाती बिचारी."

पेटीत चिरूट असायचे. जाडजूड, काळपट तपकिरी, बोटभर लांब. दिसायला सिगारच, पण सिगार म्हटलेलं सरांना आवडत नसे. "सिगार पिच्चरमधला व्हिलन ओढतो. मी चिरूट ओढतो." सर कॉलेजला हैदराबादेत होते, तेव्हा वसतिगृहातला त्यांचा खोलीमित्र आंध्रातला, थेट गोदावरीच्या मुखाकडचा. तिकडं नदीच्या पात्रात बेटं आहेत, त्यांना लंका म्हणतात, आणि त्या बेटांवर तंबाखू पिकते. मित्राच्या घरची अशीच शेती होती. पोरं शिकली, पांगली, पण वर्षातून एक-दोनदा त्या मित्राचं पार्सल ट्रॅव्हल्सच्या गाडीनं जालन्यात यायचं. ते आलं की सर दोन-तीन दिवस वर्गात नकाशावर गोदावरीच शिकवायचे, मग धडा कोणताही असो. शहागडपासून बोट निघायचं ते नांदेडवरून थेट समुद्राला जाऊन टेकायचं. "आपलं पाणी खाली जातं," ते आम्हाला सांगायचे, "अन् तिकडून त्याचा धूर करून परत पाठवितात. हिशेब बराबर."

पेटी सरांनी जालन्यातल्या एका सुताराकडून मापानं करून घेतलेली. आत एका कप्प्यात चिरूट, दुसऱ्यात लांब काड्यांची काडेपेटी, टोक कापायला सुपारीचा एक नाजूक अडकित्ता, झाकणाची पितळी राखदाणी. कोपऱ्यात माठाचं एक खापर, पाण्यात भिजवून ठेवलेलं. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत चिरूट तडकतात, म्हणून ही ओलीची सोय. शिवाय ओलावा मोजायचं एक मीटर. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या गल्लोगल्ली. सरांचा एक जुना विद्यार्थी अशाच एका कंपनीत लागलेला, त्यानं टाकाऊ झालेलं मीटर आणून दिलेलं. बियाणं कोरडं राहावं म्हणून जे यंत्र केलं होतं, ते सरांनी चिरूट ओला राहावा म्हणून कामाला लावलं होतं.

या मीटरनं एकदा आमची चांगलीच फजिती केली. निवडणुकीचे दिवस होते. अंबडच्या पुढं नाकाबंदी लागलेली. एका तरुण हवालदारानं गाडीत डोकं घातलं आणि त्याची नजर नेमकी पेटीवर गेली.

"काय हाय ह्याच्यात?"

"चिरूट."

"काय?"

"तंबाखूचे चिरूट. उघडून दाखवितो, पण जल्दी बघा."

झाकण उघडलं. हवालदाराला आधी दिसला मीटरचा डोळा, त्यावर लुकलुकणारे आकडे आणि खापराकडं गेलेली एक बारीक तार. तो दोन पावलं मागं सरला. "सायेब! हिकडं या जरा!"

फौजदार आले. आम्हाला खाली उतरवलं. पी.टी.चे सर दोन्ही हात वर करून उभे राहिले, त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. फौजदारांनी पेटीकडं बोट करून विचारलं, "हे आकडे कशाचे हायत?"

"हवेतल्या ओलीचे," सर म्हणाले. "अन् तुमी बोलून राह्यले तवर खाली चालले, बघा. झाकण लावू द्या."

"हात लावू नका पेटीला!"

"मंग तुमी लावा. पण आधी हात पुसा. पान दुसऱ्याचा वास धरतं."

मला वाटलं, आता आपण सगळे ठाण्यात. पण फौजदारांनी खरंच रुमालाला हात पुसले. एक चिरूट उचलला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "आमचे आजोबा ओढायचे असलं काहीतरी. पलटणीत होते." रस्त्याच्या कडेला उभं राहून सरांनी त्यांना पानांचे थर, सावलीतलं वाळवण, सगळं समजावून सांगितलं. मागं ट्रकांची रांग लागली होती. शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं तर सर म्हणाले, "खात्याच्या लोकांचं प्रशिक्षण होतं."

पण या सगळ्या थाटामाटात एक गोष्ट मला कळत नव्हती. सरांना मी कधी चिरूट ओढताना पाहिलं नव्हतं. जालन्यात तर नाहीच. शाळेत प्रश्नच नव्हता. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही तिघं गाडीनं निघायचो आणि सर म्हणायचे, "तुमी व्हा पुढं. मी बसनं येतो." मागाहून ते बसनं यायचे, एवढंच माहीत. पी.टी.च्या सरांचा अंदाज असा की ते बायकोला भितात. स्टाफरूममध्ये यावर बरेच विनोद व्हायचे.

एका शनिवारी माझी गाडी पंक्चर झाली. बाकीचे दोघं बसनं गेले आणि चाक दुरुस्त होईपर्यंत मी पायी गोदावरीच्या घाटाकडं गेले. तर खालच्या पायऱ्यांवर सर. पण मी क्षणभर ओळखलंच नाही. अंगात एक विटलेला, चौकड्यांचा शर्ट होता. पांढरा शर्ट घडी घालून, पिशवीत गुंडाळून, लांब वरच्या पायरीवर दगडाखाली ठेवलेला. शेजारी साबण, टॉवेल आणि बडीशेपेची पुडी. आणि सर नदीकडं तोंड करून चिरूट ओढत होते. ओढत होते म्हणजे काय, बराच वेळ नुसते धरून बसायचे, मग एक झुरका, मग पुन्हा नदी. राख खाली पडू द्यायची नाही. राखदाणीचं झाकण उघडायचं, राख आत, झाकण बंद.

मला बघून ते उठले. "तिकडून या मॅडम, वरच्या अंगानं. वारा हिकडून हाय. तुमच्या साडीला वास लागंल."

"हा शर्ट कुणाचा सर?"

"माझाच. चिरुटाचा शर्ट. शाळेत नकाशाच्या कपाटात ऱ्हातो."

नकाशाच्या कपाटाला कसला वास येतो, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

मग सर सांगत बसले. लग्न झालं तेव्हा त्यांना रोजची सवय होती. पहिल्याच आठवड्यात घरात चिरूट पेटवला आणि नवी नवरी खोकू लागली, ती थांबेचना. ओठ निळे पडले. तिला लहानपणापासून दमा होता. माहेरच्यांनी लपवलं नव्हतं, पण दमा म्हणजे काय हे सरांनी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

"मी तिला म्हणलो, आजपासून बंद. तर ती म्हणली, सोडू नका. गावाच्या बाहेर ओढा, पण सोडू नका. मी म्हणलो का बरं? तर म्हणली, माझ्यापायी सोडलं तर तुमी जन्मभर मनात धरताल." सर हसले. "एकोणीस वर्षाची पोरगी होती वो. इतकं कुठून सुचलं तिला?"

तेव्हापासून हा नेम. चिरूट ओढायचा तो गावाच्या बाहेर, आठवड्यातून एकदा. बदली जिथं होईल तिथून दूरची एक जागा सर शोधून ठेवायचे. शहागडला बदली झाली तेव्हा मात्र त्यांना स्वर्ग मिळाला. गाव लांब, वारा मोकळा आणि समोर गोदावरी. ओढून झालं की शर्ट बदलायचा, मिशांना साबण लावायचा, चुळा भरायच्या, बडीशेप खायची आणि मग बसच्या खिडकीत वाऱ्याला बसून घरी यायचं.

"आमच्या आजोबाला गावानं वेशीबाहेर ठिवलं व्हतं," ते म्हणाले. "मी माझ्या मर्जीनं जातो. फरक हाय का न्हाई?" हे त्यांनी हसत सांगितलं, पण मी हसले नाही.

घरचे लोक बौद्ध, नेमानं विहारात जाणारे. तिथं त्यांचे एक चुलते होते, ते पंचशील घेऊन झालं की दर पौर्णिमेला सरांना गाठायचे. "पाचवं शील मोठ्यानं म्हणतो अन् चिरूट फुंकतो?" सरांचं उत्तर तयार असायचं. "काका, पाचवं शील दारूचं हाय. भगवंताच्या काळात तंबाखू या देशात आलीच नव्हती, मंग मनाई कुठून असंल?" काका म्हणायचे, "आली असती तर केलीच असती." मला सांगताना ते म्हणाले, "काकाचं बराबर हाय. पण मी त्याला तसं म्हणून कसं चालंल?"

त्यांच्या घरी मी नंतर बऱ्याचदा गेले. वहिनी बारीक अंगाच्या, बोलायला ठसठशीत. दोन जिने चढल्या की दम लागायचा, पण दम लागलेला दिसू नये म्हणून मधल्या पायरीवर काहीतरी वेचायचं सोंग करायच्या. मला धक्का बसला तो पेटीचा. पेटी देवघराशेजारच्या, म्हणजे त्यांच्या घरी बुद्धमूर्तीशेजारच्या कोनाड्याखाली, थंड फरशीवर असायची आणि तिची देखभाल वहिनी करायच्या. खापर बदलणं, पाणी शिंपडणं, उन्हाळ्यात वर ओलं फडकं टाकणं.

"ह्यांना काय कळतंय? पाणी जास्ती घालून बुरशी आणतात," त्या मला म्हणाल्या आणि झाकण उघडून त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "वास बघा मॅडम. धुरानं जीव जातो माझा, पण कच्च्या पानाचा वास लई गोड. गुळाच्या ढेपीसारखा."

सर म्हणाले, "हिला इतका आवडतो, अन् पेटविलेला चिरूट हिनं कधी जवळून पाह्यला न्हाई."

"जवळून कशाला? तुमालाच ओढताना पाह्यलं न्हाई," वहिनी म्हणाल्या. "लग्नाला इतकी वर्षं झाली. पहिल्या आठवड्यात पाह्यलं ते खोकण्यात गेलं. कसे दिसता, काय करता, काय ठावं? मॅडमनं पाह्यलं अन् मी न्हाई."

मला उगीचच अपराध्यासारखं झालं. मी म्हटलं, "चला मग एका शनिवारी."

सर नाहीच म्हणत होते. पण वहिनींनी मनावर घेतलं म्हटल्यावर त्यांचं काय चालणार? थंडी सरत आली होती, हवा स्वच्छ होती. शाळा सुटायच्या बेताला वहिनी बसनं शहागडला उतरल्या. ठेवणीतली साडी, हातात पर्स, पर्समध्ये श्वासाचा पंप. सरांनी घाटावर जाऊन आधी रुमाल धरून वारा पाहिला. मग वाऱ्याच्या वरच्या अंगाला, बरंच लांब, एका कडुलिंबाखाली चादर अंथरली. तिथं आम्ही दोघी. खाली पाण्याजवळ, विटक्या शर्टात, ते.

सर लाजले होते. खरंच लाजले होते. अडकित्त्यानं टोक वाकडंच कापलं गेलं. पहिली काडी विझली. दुसरी विझली. तिसरीनं पेटला. मग त्यांनी पाठ आमच्याकडं करायचा प्रयत्न केला.

"हिकडं तोंड करा की!" वहिनी ओरडल्या. घाटावरच्या धुणं धुणाऱ्या बायाही बघू लागल्या.

सर वळले. हळूहळू त्यांचा संकोच गेला आणि ते नेहमीसारखे झाले. एक झुरका, आणि मग नदीकडं नुसतं बघणं. चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरलेला. वहिनी गुडघ्यांना हातांची मिठी घालून बघत होत्या. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाल्या, "असा बी दिसतो का ह्यो माणूस? चांगला दिसतो की वो."

तेवढ्यात पलीकडच्या वाळूतून वावटळ उठली. लहानशीच होती. ती पात्र ओलांडून घाटावर आली, सरांच्या अंगावरून गेली आणि धुरासकट, धुळीसकट थेट लिंबाखाली आली. मी पदर नाकाला लावला. वहिनींना तेवढाही वेळ मिळाला नाही.

खोकला सुरू झाला. पंप तोंडात धरला तर तो आत ओढायलाच श्वास नाही. सरांनी चिरूट टाकला आणि धावत सुटले, पण आमच्यापासून थोड्या अंतरावर येऊन एकदम थबकले. "मी जवळ येऊ का? मॅडम, मी येऊ का?" त्यांच्या अंगाला तोच वास होता. पुढं यावं तर तिला त्रास, न यावं तर कसं राहवणार?

धुणं धुणाऱ्या दोन बायांच्या मदतीनं मी वहिनींना गाडीत घातलं. सर गाडीत बसले नाहीत. "तुमी चला, मी मागून येतो. काचा लावा," असं ओरडत ते एका मोटरसायकलवाल्याच्या मागं बसले. हायवेवरच्या एका लहानशा दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच मास्क लावून वाफ सुरू केली, इंजेक्शन दिलं.

मी बाहेर आले तर हायवेच्या कडेला सर उभे. भर दुपारी, ट्रक जात असताना, नुसत्या बनियनवर. चौकड्यांचा शर्ट त्यांनी वाटेतच काढून फेकून दिला होता. बोअरच्या नळाखाली डोकं धरून ते मिशा घासत होते, साबण नव्हता तर वाळूनं. वरचा ओठ रक्ताळला होता.

"कशी हाय?"

"श्वास लागलाय सर. बोलायला लागल्यात."

"काय म्हणली?"

"म्हणल्या, ह्यांना आत बोलवा."

ते आत गेले नाहीत. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि लांबूनच बघत राहिले. वहिनींनी मास्क बाजूला करून "या की" म्हटलं, तेव्हा ते लहान मुलासारखे रडले. साठीला आलेला, भरगच्च मिशांचा माणूस, बनियनवर, चौकटीत उभा राहून.

त्यानंतर पेटी बंद झाली. सरांनी मला सांगितलंही नाही. शनिवारी ते हात हलवत गाडीत बसले, एवढंच. पी.टी.च्या सरांनी स्वतःहून एसीची झडप मधल्या जागेकडं वळवली आणि मग ओशाळून परत फिरवली. शाळा सुटल्यावर सर आमच्याबरोबरच निघायला लागले. गाडीत बोलेनात. वर्गात पोरांवर खेकसायला लागले. नकाशा काढायचा असला की कपाट उघडायला शिपायाला पाठवायचे.

असे दोन-तीन महिने गेले असतील. एका शनिवारी गल्लीच्या तोंडाशी सरांच्या जागी वहिनी उभ्या. छातीशी पेटी. सर मागून धापा टाकत येत होते. "अगं, दे हिकडं, न्हाई म्हणलो ना!"

वहिनींनी गाडीचं दार उघडून पेटी माझ्या शेजारच्या सीटवर ठेवली. "मॅडम, ही घिऊन जा. अन् ह्यांना येताना बसनं येऊ द्या."

"वहिनी, पण त्या दिवशी..."

"त्या दिवशी वारा फिरला. त्यात ह्यांचा काय गुन्हा?" मग सरांकडं वळून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "लग्नात काय बोल्ले मी? माझ्यापायी सोडू नका म्हणले व्हते ना? आता तोंड पाडून घरात बसता, जेवणात मीठ न्हाई म्हणता, पुण्याहून आलेल्या नातवावर वरडता. मला अशा माणसासंगं न्हाई ऱ्हायचं. जावा!"

सर बसले. अंबड मागं पडलं. मग पी.टी.चे सर हळूच म्हणाले, "सर, वारा लावू का पेटीला?" आणि आम्ही सगळे इतके हसलो की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. त्या दिवशी स्टाफरूममधले बायकोला भिण्याचे विनोद संपले. पी.टी.च्या सरांनीच संपवले.

सर निवृत्त झाल्यावरही शनिवारी माझ्याबरोबर शहागडला यायचे. शाळेच्या आवारात यायचे नाहीत. फाट्यावरच उतरून घाटाकडं चालत जायचे. असं काही वर्षं चाललं. मग एका पावसाळ्यात वहिनी गेल्या. दम्यानं नाही, हृदयानं. झोपल्या त्या उठल्याच नाहीत. सर सगळ्यांना सांगत होते, "त्रास न्हाई झाला. श्वासाचा बिलकुल त्रास न्हाई झाला." जणू त्यांची सगळी आयुष्यभराची काळजी तेवढीच होती.

पुण्यात नोकरीला असलेला मुलगा चल म्हणाला, सर गेले नाहीत. नातेवाईक बसायला आले, त्यात एक साडू जरा मोकळ्या तोंडाचा. तो म्हणाला, "आता कशाला शहागडला जाताव? घरातच ओढा निवांत. आता कोण खोकणार हाय?"

महिनाभरानं मी भेटायला गेले. खोलीत धुराचा वास होता. त्या घरात तो मी पहिल्यांदाच घेतला आणि माझी नजर खिडकीकडं गेली. सरांनी ओळखलं.

"परवापासून घरातच पेटवितो," ते म्हणाले. "ती जागा लांब पडती आता."

"बरं वाटतं का सर?"

"आधी तिचा फोटो आतल्या खोलीत नेऊन ठिवतो. दार लावतो. खाली फटीला टॉवेल लावतो. मंग पेटवितो." ते हसले, पण डोळे भरले होते. "चव न्हाई लागत मॅडम. निस्ता धूर होतो."

चहा घेऊन मी निघाले तर दारात त्यांनी मला थांबवलं. "एक काम करा. वरची खोली भाड्यानं द्यायची हाय. भाड्याचं काई न्हाई, द्येतील ते द्येतील. पण घरात लहान लेकरू पाहिजे."

"लहान मूल नको, असं म्हणायचंय का?"

"न्हाई न्हाई. पाहिजे. जितकं लहान तितकं बरं."

जालन्यात घर शोधणाऱ्या तरुण जोडप्यांचे हाल मला माहीत होते. मूल रडतं म्हणून घरमालक नको म्हणतात. आमच्या शाळेत नुकतीच बदलून आलेली एक मुलगी होती, नवरा इथल्या स्टीलच्या कारखान्यात, पदरात चार महिन्यांची लेक. तिला मी सरांकडं पाठवलं. ती दुसऱ्या दिवशी मला विचारू लागली, "मॅडम, ते सर ठीक आहेत ना? त्यांनी आमची माहिती काहीच विचारली नाही. बाळाला फक्त हातात घेतलं, तिच्या छातीला कान लावला, आणि कधी येता म्हणाले."

ते राहायला गेले. माझं मधे जाणं झालं नाही. उन्हाळ्यात एका शनिवारी, शाळांना सुट्ट्या लागल्यावर, मी आईला बसमध्ये बसवून द्यायला जालन्याच्या स्टँडवर गेले होते. बीडकडं जाणाऱ्या गाडीच्या खिडकीत सर. मांडीवर पेटी.

"सर! कुठं?"

"कुठं म्हणजे? शहागडला." चेहऱ्यावर त्रासिक भाव. "काय सांगू मॅडम, कटकट झाली सगळी. घरात लेकरू हाय ना. वरपर्यंत वास जातो. परवा जरा खोकलं तर माझा जीव उडाला. डॉक्टर म्हणला दात येऊन राह्यले, पण कशाला जोखीम? आता ह्या वयात पुन्हा एसटीचे धक्के खा, ऊन खा. काय करता?"

ते तक्रार करत होते आणि त्यांच्या मिशांना ताजा साबणाचा वास येत होता. अंगात नवा पांढरा शर्ट होता. इतके ताजेतवाने ते मला वहिनी गेल्यापासून दिसले नव्हते.

"मग बसा निवांत घाटावर संध्याकाळपर्यंत," मी म्हटलं. "आता काय, घाई नाही."

"छे छे!" सर एकदम खिडकीतून बाहेर वाकले. "निवांत कुठलं? तिची आई सुट्टीत शिवणाच्या क्लासला जाती. लेकरू झोपून उठलं की कुणाकडंच ऱ्हात न्हाई, मीच लागतो तिला. तवा अंगाला वास असून कसं चालंल?"

कंडक्टरनं घंटी मारली. सरांनी पेटी सावरली आणि ड्रायव्हरला पुढं ओरडून म्हणाले, "चला हो, जल्दी काढा गाडी. मला परत यायचं हाय."